कोठीवरचा हात

मृग लागून आठ दिवस झाले होते. दुपारी ढग यायचे, वारं सुटायचं आणि संध्याकाळपर्यंत आभाळ पुन्हा मोकळं. जळकोटमध्ये घरोघरच्या ओसरीवर सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या येऊन पडल्या होत्या, खत उधारीवर आणलेलं, रानं पाळी घालून तयार. फक्त ओल नव्हती. माणसं काहीही बोलत असली तरी बोलता बोलता नजर वर जायची.

अशा दिवसांत आम्ही दोघं बहीणभाऊ आत्याकडं गेलो होतो. जळकोट आमचं मूळ गाव; तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या पुढं. अण्णा, आमचे वडील, तरुणपणी गिरणीत कामाला म्हणून सोलापूरला गेले ते तिकडचेच झाले. आत्या मात्र नवरा वारल्यावर माहेरच्या या घरात परतली. आता ती पासष्टीच्या पुढं आहे. घराला दोन खोल्या, पुढं ओटा आणि आतल्या खोलीत भिंतीला लागून पत्र्याची कोठी. तिच्यात ज्वारी, वर कडुनिंबाचा पाला. ती कोठी अर्ध्याखाली गेलेली मी कधी पाहिली नाही.

संध्याकाळची प्रार्थना झाली. वाचन धाकट्यानं, माझ्या भावानं, केलं. मत्तयच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय, डोंगरावरच्या प्रवचनाचा तो भाग, जिथं येशू पाखरांकडं आणि रानातल्या फुलांकडं बोट दाखवतो आणि अन्नवस्त्राच्या काळजीतून माणसांना सोडवू पाहतो. धाकटा छान वाचतो. आमेन झाल्यावर आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला, शास्त्र कापडात नीट गुंडाळलं आणि विचारलं,

"पगार सोडलास म्हणं. खरं हाय का?"

"खरं आहे, आत्या."

"किती वर्षांची नोकरी व्हती?"

"अकरा."

धाकटा पुण्यात एका कंपनीत हिशेबाचं काम करायचा. एप्रिलमध्ये त्यानं राजीनामा दिला. नळदुर्ग ते उमरगा या पट्ट्यातल्या खेड्यांत फिरायचं, आजाऱ्यांपाशी बसायचं, पोरांना शिकवायचं, घरोघरी प्रार्थना घ्यायच्या, असं त्यानं ठरवलंय. ठरावीक पैसे कुणी देणार नाही आणि तो मागणारही नाही. येईल त्यात भागवायचं. मला हे आधीच ठाऊक होतं आणि मी गप्प होते, कारण माझंच मत पक्कं नव्हतं. त्या रात्री दोघांचं ऐकताना ते ठरत गेलं, म्हणून लिहिते आहे.

लाईट गेली होती. आम्ही ओट्यावर येऊन बसलो. हमरस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांचा उजेड समोरच्या भिंतीवरून सरकत जायचा.

"पाखराला पेरणी न्हाई का मळणी न्हाई, असं वाचलंस तू," आत्या म्हणाली. "पण पाखरू बसून खातं व्हय रं? दिस उगवायच्या आधी उठतंय. दिसभर चोच चालूच."

"कष्ट करू नका असं तो म्हणतच नाही. तो सुताराच्या घरचा. पौल तंबू शिवून पोट भरायचा, आणि ज्याला काम नको त्यानं जेवायलाही बसू नये असं त्यानं थेस्सलनीकाच्या मंडळीला कडक शब्दांत लिहिलंय. पाखरू राबतं, आत्या; पण रात्री फांदीवर बसून उद्याच्या दाण्याचा हिशेब करत नाही. कामाला ना नाही. रात्रीच्या हिशेबाला ना आहे."

"पाखराला सावकार न्हाई," आत्या म्हणाली. "हप्ता न्हाई. हितं गटाच्या बाया हप्त्याच्या आदल्या राती डोळ्याला डोळा लावत न्हाईत. त्यांना जाऊन सांग, रात्री हिशेब करू नका म्हणून."

धाकट्यानं लगेच उत्तर दिलं नाही, हे मला बरं वाटलं. या वचनाचा मोठा धोका तिथंच आहे. ज्याच्या पोटात अन्न आहे त्याच्या तोंडी ते सोपं होतं. मी सोलापुरात एका विधवेच्या घरी बसले असताना एका सद्गृहस्थानं तिला मान हलवत सांगितलेलं ऐकलंय, की ताई, विश्वास ठेवा, प्रभू पुरवेल. आणि तो चहा पिऊन उठून गेला. घरात तिसऱ्या दिवसाचं पीठ नव्हतं. याकोबाच्या पत्रात नेमकं हेच लिहिलंय: उघड्याला आणि उपाशाला तोंडभर आशीर्वाद देऊन हात रिकामे ठेवणाऱ्याच्या विश्वासाला तो मेलेला विश्वास म्हणतो. त्या दिवशी मी ते त्या माणसाला वाचून दाखवलं नाही, याची खंत मला आजही आहे.

"तू बहात्तर पाहिला न्हाईस," आत्या म्हणाली.

आमच्या भागात बहात्तर हा सालाचा आकडा उरलेला नाही. ती एक मोजपट्टी आहे. पुढचे सगळे दुष्काळ तिला लावून पाहिले जातात. आत्या तेव्हा तेरा वर्षांची होती. रस्त्याच्या कामावर आईबरोबर खडी फोडायला जायची. कामावर सुखडी मिळायची; रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, तीही मोजून.

"आई रोज म्हणायची, देव बघतोय. आन् मी मनात म्हणायची, बघतोय तर आमच्या उतरंडीत बघ की. सगळ्यात खालचं गाडगं आईनं एका राती खरवडलं, त्याचा आवाज आजून माझ्या कानात हाय. तवापास्नं मी ठरवलं. देवाला जे करायचं ते करू दे. माझ्या घरात जोंधळा असल."

मग तिनं एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. ती रोज रात्री निजायच्या आधी कोठीच्या पत्र्यावर हात ठेवते. झाकण उघडत नाही, नुसता हात. थापटून पाहते, आवाज कुठवर भरीव येतो ते. त्याशिवाय झोप येत नाही. पन्नास वर्षं.

धाकटा हळूच म्हणाला, "आत्या, त्या ज्वारीबद्दल येशूचं काही म्हणणं नसेल. त्याचं बोलणं त्या हाताबद्दल आहे."

आत्या त्याच्याकडं बघत राहिली. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता, पण बांगड्यांचा आवाज थांबला होता.

धाकटा बोलत राहिला, आणि आता तो प्रवचन देत नव्हता. अण्णांबद्दल बोलत होता. गिरणी बंद पडल्यावर अण्णांनी एक वही घातली होती. दूध, तेल, रॉकेल, वह्या-पुस्तकं, सगळं तिच्यात उतरायचं. रात्री जेवण झालं की ते वही घेऊन बसायचे आणि घरात कुणी मोठ्यानं हसायचं नाही. आम्ही उपाशी कधीच राहिलो नाही. आईनं शिवणकाम करून घर धरून ठेवलं होतं. पण त्या वहीनं आमच्या लहानपणातल्या संध्याकाळी खाल्ल्या. अण्णा गेले तेव्हा त्यांच्या उशाखाली पासबुक निघालं. त्यात पैसे होते, दवाखान्यासाठी पुरेसे. उद्या लागतील म्हणून त्यांनी ते काढू दिले नव्हते.

"इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळायचा तो एका दिवसापुरता," धाकटा म्हणाला. "उद्यासाठी दडवून ठेवला की त्यात किडे पडायचे. मी तो भाग वाचतो तेव्हा मला अण्णांची वही दिसते. मला तसं जगायचं नाही, आत्या. माझ्या पोरीनं माझ्याकडं बघून गप्प बसायला शिकू नये."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ती वही मी पण पाहिली आहे. नव्या करारातल्या ज्या ग्रीक शब्दासाठी आपण 'काळजी' म्हणतो, त्याच्या मुळाशी वाटणीचा, तुकडे पडण्याचा अर्थ असल्याचं पुष्कळ अभ्यासक सांगतात. अण्णांचं तसंच झालं होतं. ते आमच्यापाशी बसलेले असायचे, पण त्यांचा एक तुकडा पुढच्या महिन्यात असायचा.

आत्यानं मात्र वेगळ्याच ठिकाणी बोट ठेवलं. "मान्ना शनवारी पडत नव्हता ना? मग आदल्या दिशी दुप्पट गोळा करा म्हणून देवानंच सांगितलं व्हतं. तवा किडे पडले न्हाईत. म्हंजी साठवायचं कवा आन् कशापायी, याला महत्त्व हाय."

शास्त्र तिचं इतकं पाठ आहे, याचं मला प्रत्येक वेळी नव्यानं आश्चर्य वाटतं. लूकच्या शुभवर्तमानात कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्या श्रीमंताची गोष्ट आहे. त्याच रात्री त्याचा जीव जातो. तीही आत्यानंच काढली. "त्या माणसाचं चुकलं कुठं? धान्य ठेवलं म्हणून न्हाई. सगळ्या गोष्टीत त्यो एकट्याशीच बोलतोय. माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव. शेजाऱ्याचं नाव न्हाई तोंडात."

मी त्या गोष्टीकडं या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. नंतर उघडून वाचली. खरंच, त्या माणसाच्या सगळ्या बोलण्यात दुसरं माणूस नाही.

धाकट्यानं किल्लारीच्या भूकंपाचा विषय काढला. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, चारला काही मिनिटं कमी. गणपती बोळवून माणसं निजलेली. आमच्या या भागात घरं दगडमातीची, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार, पावसात पक्कं, पिढ्यान् पिढ्यांचा भरवसा. त्याच माळवदांखाली लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली हजारो माणसं गेली. जळकोटही त्या पहाटे हललं. आत्या पुढं कितीतरी दिवस अंगणात निजत होती.

"जे डोक्यावर रचलं त्याचाच भरवसा होता," धाकटा म्हणाला. "तेच पडलं. मग भरवसा ठेवायचा कशावर?"

"हे मला इचारतोस? मी त्याला इचारलंय. ज्या राती सास्तूरची, किल्लारीची लेकरं गेली, तवा त्यो पाखरं सांभाळणारा कुठं व्हता?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. या प्रश्नाला घाईनं उत्तर देणारा धर्मोपदेशक मला नको वाटतो. धाकट्यानं घाई केली नाही. मग तो म्हणाला, मत्तयमध्येच पुढं दहाव्या अध्यायात येशू पुन्हा चिमण्यांकडं येतो. कवडीमोल विकल्या जाणाऱ्या चिमण्या. आणि तिथं चिमणी पडणारच नाही असं तो म्हणत नाही. ती जमिनीवर पडते. पडते ती पित्याच्या नजरेआड नाही, एवढंच तो सांगतो.

"एवढंच?"

"एवढंच, आत्या. मी त्याच्याहून जास्त सांगितलं तर ते खोटं होईल."

आत्यानं मान डोलावली की नाही ते दिसलं नाही. पण त्यानंतर तिचा आवाज मऊ झाला. मला वाटतं, ख्रिस्ती शिकवणीत विश्वासाचा अर्थ विम्याच्या पावतीसारखा लावला की तो पहिल्याच भूकंपात कोसळतो. विश्वास ठेव म्हणजे भरभराट होईल, पेटीत टाक म्हणजे दामदुपटीनं येईल, असं सांगणारी माणसं हल्ली खेड्यांपर्यंत पोचली आहेत. ज्यानं काळजीचं ते वचन सांगितलं त्याला स्वतःला डोकं टेकायला जागा नव्हती आणि तो क्रुसावर गेला. त्याच्या नावानं भरभराटीची हमी देणं मला पाप वाटतं.

धाकट्याचा आदर्श पंडिता रमाबाई. केडगावचं मुक्ती मिशन त्यानं पाहिलंय. आत्यानंही, सोलापूरहून पुण्याकडं जाणाऱ्या रेल्वेतून एकदा उतरून. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं. म्युलरनं आयुष्यभरात सुमारे दहा हजार अनाथ मुलं सांभाळली आणि माणसांपाशी पैसे मागितले नाहीत, देवापाशी मागितले. तीच वाट रमाबाईंनी धरली. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं मदत कबूल केली होती. ती मुदत संपत आली तशी त्यांनी फिकीर सोडली. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली आणल्या. १९००च्या दुष्काळानंतर केडगावात दोन हजारांच्या आसपास माणसं झाली. "एवढ्या ताटांचा हिशेब करत बसली असती तर तिनं पहिली मुलगीसुद्धा आणली नसती," धाकटा म्हणाला.

इथं मात्र मी मधे पडले. कारण रमाबाईंची गोष्ट इतकी सरळ नाही, आणि ती जशी आहे तशीच मला हवी आहे.

रमाबाईंना उपासमार ऐकून माहीत नव्हती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरले. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा घरातलं होतं नव्हतं ते दानधर्मात आणि देवकार्यात गेलं. देव हाक ऐकेल या आशेवर कुटुंब थांबून राहिलं. पाणी, पाला आणि रानातली फळं यांवर त्यांनी दिवस काढले, हे रमाबाईंनीच लिहून ठेवलंय. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. हातपाय हलवायची, मजुरी करायची लाज, आणि देवावर भार. यातून काय होतं ते त्या पोरीनं सोळाव्या वर्षी पाहिलं होतं.

म्हणून पुढं ख्रिस्तावर भार टाकणाऱ्या रमाबाईंकडं नीट पाहिलं तर काय दिसतं? केडगावची शंभरेक एकर जमीन त्यांनी दुष्काळाच्या आधीच घेतली होती. अमेरिकेची मदत थांबल्यावर शारदा सदन ही त्यांची शाळा चालावी म्हणून तिथं फळझाडं लावायची होती. विहिरी खोदल्या. मुलींना विणकाम, छपाई, तेलघाणा, दुभत्याचं काम शिकवलं. बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी स्वतः केलं आणि ते मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं. आणि म्युलर? तो पैशापैशाचा जमाखर्च ठेवायचा, दरवर्षी छापून लोकांपुढं मांडायचा, आणि कर्जाला हात लावायचा नाही. या दोघांनी काळजीचा त्याग केला असेल; जमाखर्चाचा केला नव्हता.

"म्हणजे तू आत्याच्या बाजूची," धाकटा म्हणाला.

"मी रमाबाईंच्या बाजूची."

आत्याला रमाबाईंपेक्षा जवळचा एक माणूस आठवला. मंगळवेढ्याचा दामाजी. बीदरच्या बादशहाचा अंमलदार. दुष्काळात माणसं मरताना बघवेना म्हणून त्यानं सरकारी कोठारं उघडली. बादशहाचं बोलावणं आलं. आणि मग, गोष्ट अशी आहे की, विठू महाराच्या रूपात देव बीदरच्या दरबारात गेला आणि धान्याचे पैसे भरून पावती घेऊन आला.

"ती दंतकथा आहे, आत्या," धाकटा म्हणाला.

"आसंल. पण कोठारं उघडली ती दंतकथा न्हाई ना? आभाळातून जोंधळा पडला असं तर कुणी सांगत न्हाई. आधी दामाजीनं कुलूप काढलं, मग देव धावला. आन् आला तो कुणाच्या रूपात? ज्याला गावकुसात उभं करत नव्हते त्याच्या. मंगळवेढ्याहून बीदरला गेला म्हंजी ह्याच अंगानं कुठूनतरी गेला असंल. येशूबी असाच आला असता."

धाकटा हसला, मोकळं हसला. मला वाटतं त्या रात्री त्याला पहिल्यांदा हायसं वाटलं.

मग आत्या ते वाक्य बोलली ज्याच्यासाठी खरं तर मी हा लेख लिहायला घेतला. "करू नका म्हणलंय," ती म्हणाली. "काळजी करू नका. घेऊ नका असं म्हणलं न्हाई."

मराठीत हा फरक आहे आणि आपण तो रोज वापरतो. निरोप देताना 'काळजी घे' म्हणतो, आणि धीर देताना 'काळजी करू नको'. करायची काळजी माणसाला आतून खाते. घ्यायची काळजी हातात घ्यावी लागते, बहुधा दुसऱ्याची. आणि ख्रिस्ती मंडळीचा इतिहास पाहिला तर पहिलीचा उतारा दुसरी आहे. यरुशलेमातल्या अगदी पहिल्या मंडळीत, प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात, तक्रार येते की ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय. प्रेषित त्यांना पाखरांची गोष्ट सांगत नाहीत. सात माणसं नेमतात, वाटप नीट करायला. प्रभूच्या प्रार्थनेतही रोजची भाकर 'मला' दे अशी मागणी नाही. ती 'आम्हांला' आहे. माझ्या ताटातली भाकर आली म्हणून ती प्रार्थना पुरी होत नाही.

आणि ही भाकर काही वेळा कायद्याच्या वाटेनंही येते, असं मला मनापासून वाटतं. बहात्तरच्या त्या दुष्काळात, मे १९७३ च्या सुमारास, महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं सरकारी कामांवर होती. त्यातून, वि. स. पागे यांच्या चिकाटीतून, रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला: काम मागेल त्याला काम. येशूनं द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट सांगितली आहे. दिवस मावळायला आला तरी नाक्यावर माणसं उभीच. का उभे, तर कुणी कामाला लावलं नाही. मालक त्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो, कारण पोट अर्ध्या दिवसाचं नसतं. त्या कायद्याच्या अंमलबजावणीत किती गळती झाली हे आमच्या भागाला कुणी शिकवायला नको. तरी खडी फोडणाऱ्या तेरा वर्षांच्या पोरीच्या जागी उभं राहून पाहिलं, तर हजेरीपटावर आईचं नाव असणं म्हणजे काय हे कळतं. मी ते नाव आणि ती प्रार्थना वेगळी करू शकत नाही.

लाईट आली. आम्ही आत जेवायला बसलो. भाकरी, शेंगाची चटणी, वरण. धाकट्यानं दोन घास खाल्ले तोच आत्यानं विचारलं,

"सूनबाईला इचारलंस का?"

"तिला सांगितलं."

"सांगितलं म्हंजी इचारलं न्हवं."

धाकट्याचा हात ताटात थांबला. मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. टिळक थोर, यात मला शंका नाही. देऊन टाकणं त्यांच्या रक्तात होतं. पण चूल पेटवायची होती ती लक्ष्मीबाईंना. त्यांचं 'स्मृतिचित्रे' मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा टिळकांच्या श्रद्धेनं भारावले; आता वाचते तेव्हा बाईंकडंच लक्ष जातं. नवऱ्याचा विश्वास आभाळाएवढा, आणि त्या आभाळाखाली डबे कुणी उघडून पाहायचे? घरातल्या एकानं काळजी सोडली की ती हवेत विरत नाही. दुसऱ्याच्या पदरात पडते. बहुधा बाईच्या.

मी हे मोठ्यानं बोलले. धाकटा रागावला नाही. "मी तिला म्हटलं होतं, तू विश्वास ठेव," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "तिनं काहीच उत्तर दिलं नव्हतं."

"त्या सद्गृहस्थासारखं झालं का रे?" मी विचारलं. त्याला ती सोलापूरची हकीकत ठाऊक आहे.

त्यानं ताट तसंच ठेवलं, हात धुतला आणि फोन घेऊन ओट्यावर गेला. आम्ही दोघी जेवत राहिलो. बाहेरून आवाज येत होता, तुटक. आधी बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मग त्याचे प्रश्न ऐकू यायला लागले. फी कधी भरायचीय. किती. सिलिंडर कधी आणलं होतं. तुझ्या आईच्या गोळ्या. नाही, तू सांग. तू सगळं सांग, मी लिहून घेतो.

तो आत आला तो कागद शोधत. आत्यानं भिंतीवरच्या कालनिर्णयचं गेल्या महिन्याचं पान ओढून काढलं आणि कोऱ्या जागेकडून त्याच्यापुढं केलं. माझ्या पिशवीतलं पेन मी दिलं. फोन खांद्यानं कानाशी धरून, कोठीच्या झाकणावर पान टेकवून तो लिहायला लागला. हिशेबाचंच अक्षर, नीटनेटकं, एकाखाली एक. अण्णांच्या अक्षरासारखं. फी. सिलिंडर. गोळ्या. दूध. घरभाडं. पोरीचा रेनकोट. तेल. तिकडून ती सांगत होती आणि मधूनच कशाला तरी दोघं हसले.

आत्या उठली. त्याच्या मागं उभी राहून कागदावर नजर फिरवली. चष्मा नसताना तिला कितपत दिसलं कोण जाणे. मग तिनं झाकणावरचा त्याचा हात बाजूला केला.

"त्यात जोंधळा लिहू नको," ती म्हणाली.